हवेतल्या पाट्या

मागच्या कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मांजरसुंब्याला एस.टी.तून उतरलो आणि दिंड्यांच्या मागोमाग कपिलधारची वाट धरली. बालाघाटाच्या डोंगरात, बीडच्या दक्षिणेला असलेले हे ठिकाण वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. संतकवी मन्मथस्वामींची समाधी, शेजारी कड्यावरून पडणारे पाणी आणि त्या पाण्यावरूनच पडलेले गावाचे नाव. पावसाळा सरलेला असल्यामुळे धार बारीक झाली होती. माणसांचा पूर मात्र मोठा होता. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून लोक आले होते.

दरीत उतरता उतरता माझ्या फोनच्या रेघा एकेक करून गळाल्या. कुठे वाय-फाय मिळते का, म्हणून यादी उघडली, तर तिथे वेगळीच यात्रा भरलेली. कुणाचे आडनाव, कुणाच्या फोनच्या कंपनीचे नाव आणि पुढे चार आकडे, कुणी ‘हात लावू नका’ असा इंग्रजीत दिलेला दम, आणि सगळ्यांच्या मध्ये एकाच नावाची दोन नेटवर्क. दोन्हींच्या नावात कपिलधार होते, दोन्हींत फुकट हा शब्द होता. एकाला कुलपाची खूण होती, दुसऱ्याला नव्हती. कोणते कुणाचे, हे कळायला काही मार्ग नव्हता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थाने विनाकुलपाचे नाव दाबलेसुद्धा. पडद्यावर पान उघडले, त्याने फोन नंबर मागितला, मग आधार क्रमांक मागितला. म्हातारबुवा चष्मा शोधू लागले. मी म्हटले, “थांबा जरा, काका.” ते म्हणाले, “अहो, देवाचं नाव आहे त्याच्यावर.”

ते पान कदाचित कुणा भल्या माणसाचेही असेल. पण देवाचे नाव आहे म्हणून खरे, हा हिशेब माझ्या डोक्यात दिवसभर घोळत राहिला.

मुक्कामाला मी मावशीकडे गेलो. तिचे गाव याच वाटेवर, एका खोलगट भागात आहे. नाव मुद्दामच देत नाही. मावशीच्या यजमानांना सारे गाव अण्णा म्हणते. ढाळजेत रांजण भरून ठेवायचा आणि येणाऱ्या प्रत्येक दिंडीला पाणी द्यायचे, हा त्यांच्या घरचा तीन पिढ्यांचा नेम. या वर्षी घरात एक नवीन गोष्ट आली होती. छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या नातीने हट्टाने तारेचे इंटरनेट घेतले होते आणि माझ्या मुक्कामातच ती राउटर बसवत होती. पहिला वाद जागेवरून झाला. अण्णांना तो डबा देवघराच्या कोनाड्यात हवा होता. नात म्हणाली, दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आहेत, कोनाड्यात ठेवला तर लहरी कोनाड्यातच राहतील. तिचे बरोबर होते. जाड भिंत, पत्रा, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट हे सगळे या लहरींचे वैरी. डबा शेवटी घराच्या मध्यावर, उंचावर, लाकडी फळीवर बसला.

दुसरा वाद नावाचा आणि कुलपाचा होता, आणि तो रात्रीच्या जेवणापर्यंत चालला.

“पासवर्ड कशाला?” अण्णांचा सरळ प्रश्न. “पान्याला कुनी कुलूप लावतं का?”

त्यांच्या प्रश्नामागे एक कारण होते. दिवाळी झाली की या भागातली निम्मीअधिक तरणी माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. अण्णांच्या शेजारचीच दोन नातवंडे रोज संध्याकाळी आजीचा फोन घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर चढतात, कारण तिथे रेघ मिळते. फडावरून आईबाप दिसतात, बोलतात. आता घरात नेट आले म्हटल्यावर ती दोघे अण्णांच्या भिंतीला टेकून उभी राहणार, हे अण्णांनी गृहीतच धरले होते. त्या पोरांना पासवर्ड विचारायला लावायचे, हे त्यांच्या मनाला पटेना.

नात म्हणाली, “अण्णा, पाणी पिऊन माणूस निघून जातो. या पाण्यातून माणूस तुमच्या नावानं पत्र पाठवू शकतो.”

या दोघांचे भांडण मला मोठे मोलाचे वाटले. घरोघरी बसलेल्या या डब्याबद्दल एवढा मुळाचा विचार आपण सहसा करत नाही. डबा बसवायला येणारा माणूस पाच मिनिटांत काहीतरी नाव टाकतो, भिंतीवर पासवर्ड लिहून जातो, आणि मग वर्षानुवर्षे आपल्या घराची एक पाटी हवेत लटकत राहते. दारावरची पाटी आपण सुताराकडून कोरून घेतो, अक्षर वळणदार आहे की नाही पाहतो. हवेतली पाटी कुणी लावली, हेही आपल्याला आठवत नाही.

या पाटीचे काम कसे चालते, ते थोडे पाहू. राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारतो. भाजीवाल्यासारखा, पण आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या भाषेत. आसपासचे फोन ती पुकार ऐकून यादी करतात. नाव किती लांब असावे, याला नियम आहे: जास्तीत जास्त ३२ बाइट. बिनतारी जाळ्यांची ही पहिली प्रमाणसंहिता १९९७ साली ठरली, वाय-फाय हे नाव त्यानंतर, १९९९ साली रूढ झाले, आणि ३२ची मर्यादा आजही कायम आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, म्हणजे इंग्रजीत बत्तीस अक्षरे ऐसपैस मावतात. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला तीन बाइट, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर करणारे चिन्ह यांचेही प्रत्येकी तीन वेगळे. ‘कपिलधार’ला एकवीस लागतात, ते बसते. ‘मांजरसुंबा’ तीसमध्ये कसेबसे बसते. ‘मन्मथस्वामी’ला तेहतीस लागतात. एका बाइटने स्वामी दाराबाहेर राहतात! वीरशैव तत्त्वज्ञान ओवीबद्ध मराठीत आणणाऱ्या संताचे नाव त्यांच्याच गावच्या हवेत मराठीत पूर्ण लिहिता येऊ नये, हा योगायोग गमतीचा म्हणावा की खेदाचा, ते वाचकांनी ठरवावे. नियम करणाऱ्यांच्या मनात आकस नव्हता, त्यांच्या डोळ्यांपुढे आपण नव्हतो एवढेच. म्हणून मराठी नाव ठेवूच नये असे मात्र नाही. दहा चिन्हांत पुष्कळ मराठी मावते. काही जुन्या फोनांवर देवनागरी नाव चौकोनांच्या रांगेसारखे दिसते, तेवढे सोसावे लागते.

आता त्या वृद्ध गृहस्थाच्या हिशेबाकडे येऊ. नाव हा पुरावा नाही. कुणीही कोणतेही नाव ठेवू शकतो, नावाची कुठे नोंदणी नाही, दोघांनी एकच नाव घेतले तर अडवणारे कुणी नाही. एवढेच काय, एकच नाव अनेक डब्यांना देणे ही या तंत्रातली रीतच आहे. मोठ्या रुग्णालयात वीस डबे एकाच नावाने बोलतात, तेव्हाच माणूस जिना चढताना फोन न तुटता एका डब्याकडून दुसऱ्याकडे जातो. एका दिंडीतल्या सगळ्या पताकांवर एकच खूण असावी, तसे. पण तीच खूण रंगवून तिऱ्हाईताने आपली काठी मध्ये उभी केली, तर फोनला फरक कळत नाही. कुलूप असलेल्या नेटवर्कमध्ये निदान पासवर्ड जुळावा लागतो. बिनकुलपाच्या नेटवर्कमध्ये नाव जुळले की झाले. शिवाय फोनची स्मरणशक्ती दांडगी. एकदा जोडलेले नाव तो लक्षात ठेवतो आणि पुन्हा कुठेही दिसले की आपल्याला न विचारता जाऊन बिलगतो. बँकेचे व्यवहार आज आपापल्या वेगळ्या कुलपात चालतात, त्यामुळे फुकट वाय-फायवर पाऊल ठेवले की पैसे गेले, अशी भीती घालण्यात अर्थ नाही. खरा सापळा असतो तो मधे उघडणाऱ्या त्या पानाचा, जे नंबर मागते, आधार मागते, ओटीपी मागते.

काहीजण यावर उपाय म्हणून नावच लपवून ठेवतात. ही युक्ती उलटी फिरते. डबा गप्प बसला की फोनला स्वतःहून हाका मारत हिंडावे लागते, आणि तुमच्या घरच्या नेटवर्कचे नाव तो बाजारात, बसस्थानकात, परगावी सगळीकडे सांगत सुटतो. लपवलेले नाव गावभर!

अण्णांच्या नातीने पत्राची गोष्ट काढली, तिला आपल्या राज्यातलाच एक जुना आधार आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलीस त्याचा माग काढत नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचले. तिथे राहणारा होता एक अमेरिकन नागरिक. त्याचे संगणक जप्त झाले, त्याच्या चौकश्या झाल्या, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. अखेर निष्पन्न झाले ते असे, की त्याचे वाय-फाय उघडे होते आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरले. त्याच वर्षी २३ ऑगस्टचा ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, तिसरा चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवर्कवरून गेला. जानेवारी २००९मध्ये मुंबईचे पोलीस हातात यंत्रे घेऊन रस्तोरस्ती उघडी नेटवर्क शोधत फिरू लागले. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने नियम घातला, की सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख पटवावी. आज रेल्वे फलाटावर वाय-फाय घेताना फोनवर जो ओटीपी येतो, त्याचे मूळ इथे आहे. चहाच्या टपरीवर वैतागून आपण ज्या आकड्यांना नावे ठेवतो, त्यांच्यामागे सानपाड्याचे एक दार आहे.

ही हकिगत मी जेवताना सांगितली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या मानसाचा गुन्हा काय? दार उघडं ठेवलं एवढाच ना?”

एवढाच. आणि या प्रश्नावर आपण सगळ्यांनी थोडे थांबायला हवे, असे मला वाटते. ‘कुलूप लावा’ हा सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. ज्या जिल्ह्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणे अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडले, तिथे आपले पाणी दुसऱ्याला देणे हे पुण्याचे नव्हे, रोजच्या जगण्याचे शास्त्र होते. नेटची टंचाई असलेल्या गावात ज्याच्याकडे नेट आहे त्याने कडी घालून बसावे, ही शहरी सोसायटीची रीत झाली. तिथे यादीत चाळीस नावे असतात, प्रत्येकाला कुलूप, आणि सगळी एकाच हवेत एकमेकांच्या पायात पाय घालत असतात. लहरींचा नियम असा, की एक बोलत असताना दुसऱ्याने थांबायचे. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने बेटाबेटांतले संगणक बिनतारी जोडले, तेव्हापासून हा पेच आहे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया, मग दोघांनी थोडे थांबून पुन्हा बोलायचे. त्या जाळ्याचे नाव त्यांनी ‘अलोहा’ ठेवले होते. हवाईच्या लोकांचा हा नमस्कार! यात्रेत पन्नास जणांनी पन्नास हॉटस्पॉट उघडले की एकाचेही धड चालत नाही, ते याचसाठी.

म्हणून प्रश्न कुलूप की मोकळीक असा नाहीच, दारात कोण बसले आहे असा आहे. आणि याचे जाणते नमुने आपल्याकडे आहेत. पालघर तालुक्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने २०१२पासून ‘ग्राममार्ग’ नावाचा प्रयोग चालवला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून त्यांनी गावांपर्यंत इंटरनेट नेले. या लांब लहरी झाडी-टेकड्यांना वाय-फायच्या लहरींइतक्या घाबरत नाहीत. गावात पोहोचल्यावर पुढे वाय-फाय. पंचायतीला त्यात भागीदार करायचे आणि गावातल्याच एखाद्या तरुणाने जाळे सांभाळायचे, अशी त्यांची कल्पना होती. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिला संस्थेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला त्यातली पंचायतीची गोष्ट लहरींपेक्षा महत्त्वाची वाटते. गावातल्या पोराने सांभाळलेल्या जाळ्याला विचारायला तोंड असते. बिघडले तर त्याच्या दारात जाता येते.

दुसरा नमुना विद्यापीठांचा. ‘एड्युरोम’ या एकाच नावाचे नेटवर्क जगभरातल्या हजारो शिक्षणसंस्थांत आहे, आयआयटी मुंबईतही आहे. पवईचा विद्यार्थी परदेशातल्या विद्यापीठात गेला, की त्याचा फोन ते नाव ओळखतो. पण आत घेतो तो नावाच्या भरवशावर नाही, तर त्याच्या मूळ संस्थेला विचारून. पाटी सर्वत्र एक, ओळख प्रत्येकाची स्वतःची. आणि तिसरी सोय सरकारची: डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘पीएम-वाणी’. तिच्यामुळे एखादा किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय लोकांना वाय-फाय देऊ शकतो. वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम दुकानदाराच्या डोक्यावर न टाकता ठरलेल्या व्यवस्थेतून होते. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तकावर तिकिटे लावून घेतलेली आमची पिढी. तिला हे नवलाचे वाटेल. वाय-फायची नेहमीची लहर आपल्याकडे परवानामुक्त झाली तीसुद्धा जानेवारी २००५मध्ये.

या सगळ्यातून कपिलधारसारख्या ठिकाणासाठी काय करता येईल? फार नाही. यात्रेच्या चार दिवसांपुरते का होईना, एकच सार्वजनिक नेटवर्क असावे, त्याचे मराठी नाव असावे, आणि ते नाव जसेच्या तसे, अक्षर न् अक्षर, दगडी खांबाला टांगलेल्या खऱ्याखुऱ्या पाटीवर रंगवलेले असावे. ‘आमचे नेटवर्क हेच, ते आधार क्रमांक विचारत नाही’ एवढे दोन वाक्यांत. हवेतली पाटी कुणीही लावतो, खांबावरची पाटी लावणाऱ्याला गाव ओळखते. जिथे भाविकांसाठी पाण्याचे नळ, फिरता दवाखाना आणि हरवलेल्या मुलांसाठी ध्वनिक्षेपक यांची व्यवस्था होऊ शकते, तिथे एक पाटी अवघड नसावी.

घराघरांतल्या पाट्यांबद्दलही थोडे. नेटवर्कला आडनाव देण्याची हौस आपल्याकडे फार. आडनाव कळले की उरलेले सगळे ताडायचे, ही आपली जुनी खोड; हवेतही ती कशाला न्यायची? सदनिका क्रमांक, फोन नंबर घालणे तर चोराला पत्ता देणे. आणि कंपनीने दिलेले मूळ नाव तसेच ठेवणे हेही शहाणपणाचे नाही. कारण आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या प्रकारात कुलपाची किल्ली घडते ती पासवर्ड आणि नाव यांचे एकत्र ४,०९६ वेळा घुसळण करून. म्हणजे नाव हे कुलपाचाच एक भाग असते. जगात सर्वाधिक आढळणाऱ्या हजारभर नावांसाठी हे घुसळण आधीच करून ठेवलेली कोष्टके चोरांकडे तयार आहेत. आपल्या मनाने ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे नसलेले नाव आणि लांबलचक पासवर्ड एवढ्याने ती कोष्टके निकामी होतात. मराठीत निदान या एका बाबतीत आपला फायदा आहे. ‘चिंचेखाली’ हे नाव कुठल्या कोष्टकात असेल?

हे नाव मी सुचवलेले नाही. ते मावशीचे. ती इतका वेळ भाकऱ्या थापत ऐकत होती, आणि एकदम म्हणाली, “वाड्याला म्हनत्यात तेच ठिवा की.” नातीने बोटांवर मोजले, सत्तावीस भरले. बसले.

कुलपाचा तिढा नातीनेच सोडवला. हल्लीच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क उघडण्याची सोय असते. तिने अण्णांना त्यांच्याच भाषेत सांगितले. चिंचेखाली हे माजघर, तिथे घरातली माणसे. आणि हे दुसरे, ही ढाळज. ढाळजेत बसलेल्याला माजघरातले काही दिसत नाही आणि पाहुण्याला शेजारच्या पाहुण्याच्या फोनात डोकावता येत नाही. कुलूप तिलाही आहे, पण किल्ली द्यायची की नाही ते तुमच्या हातात. यात्रा संपली की किल्ली बदलायची. तिचे नाव काय ठेवायचे, हे विचारायची वेळच आली नाही. अण्णा म्हणाले, “रांजण.” पंधरा बाइट.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली दिंडी आली. त्यांच्यातल्या दोन पोरांनी पाणी प्यायले आणि फोन काढले. अण्णांनी कमरेची जुनी वही काढली, पेन्सिल थुंकीने ओली केली आणि विचारले, “नाव? गाव?” पोरांनी सांगितले. त्यांनी सावकाश लिहून घेतले, मग आठ आकडे तोंडी सांगितले. पोरे पुढे गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, “पानी देताना कुनाला नाव इचारलं नव्हतं कधी.” आणि वही पुन्हा कमरेला खोचली.

संध्याकाळी शेजारची ती दोन नातवंडे आली. त्यांची नावे वहीत नाहीत. भिंतीला टेकून ती आईशी बोलत होती. ती फडावर कुठेतरी चूल पेटवत होती आणि धुरामुळे तिचा चेहरा अधूनमधूनच दिसत होता.